ध्वनिक्षेपक, गृहनिर्मित

ध्वनिक्षेपक, गृहनिर्मित : विद्युत् संकेतांचे ऐकू येण्याजोग्या ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनास ध्वनिक्षेपक किंवा लाउडस्पीकर म्हणतात. कारखान्यात जुळविलेला संच विकत न घेता ड्रायव्हर (ध्वनी निर्माण करणारा मूळ घटक), पेटी व विद्युत् मंडल यांची स्वतः योजना करून तो घरी तयार करण्याचा छंद अनेक देशांत रुजलेला आहे. या कामात सुतारकामाचे कौशल्य उपयोगी पडते. तथापि रचनेचे यशापयश बहुतांशी करवत हाती घेण्यापूर्वीच ठरते. ड्रायव्हर आणि पेटीतील हवा ही दोन्ही मिळून एकच कंप पावणारी प्रणाली बनते. त्यामुळे ड्रायव्हरची निवड व पेटीचे घनफळ हे दोन निर्णय परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. उंची किंमतीचा ड्रायव्हर अयोग्य पेटीत बसविल्यास त्याचे गुण वाया जातात, तर बेताच्या किंमतीचा ड्रायव्हर योग्य पेटीत समाधानकारक काम देतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक ड्रायव्हर त्याच तत्त्वावर चालतात. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे असते व ते कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या शंकूस जोडलेले असते. वेटोळ्यातून संकेताचा प्रवाह गेला की, शंकू पुढेमागे हलून हवेत तरंग निर्माण करतो. शंकूच्या पुढच्या व मागच्या बाजूंनी निघणारे तरंग परस्परविरुद्ध कलेचे असल्यामुळे खालच्या स्वरांत ते एकमेकांस निष्प्रभ करतात. हे टाळण्यासाठी पेटी आवश्यक ठरते. मागील ध्वनीचा नळीवाटे उपयोग करून घेणाऱ्या पेटीचे एकस्व (पेटंट) अल्बर्ट थुरस यांना १९३२ मध्ये मिळाले. पूर्ण बंद लहान पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारा ध्वनिक्षेपक एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये पुढे आणला. पेटीचे गणित मात्र नेव्हिल थील यांच्या १९६१ सालच्या ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९७० नंतरच्या संशोधनामुळे पद्धतशीर झाले. त्यापूर्वी पेटीचे माप बव्हंशी अनुभवाने व अंदाजाने ठरवीत.

उद्दिष्टाची निश्चिती : ध्वनिक्षेपक कोणत्या खोलीत, किती मोठ्या आवाजात व कशासाठी वापरावयाचा, हे प्रथम ठरवावे लागते. पुरुषाच्या बोलण्यातील मूळ स्वर साधारणपणे १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सु. ४१ हर्ट्‌झचा, तर पियानोची २७·५ हर्ट्‌झचा स्वर देते. केवळ बातम्या व भाषणे ऐकणाऱ्यास ४० हर्ट्‌झपर्यंत पोहोचण्यासाठी खर्च करण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत लहान पेटी, खोल खालचे स्वर व उच्च संवेदनक्षमता या तीन गोष्टींपैकी फार तर दोनच एकावेळी साधता येतात. हा निर्बंध हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. संवेदनक्षमता ३ डेसिबेलांनी घटली, तर तितक्याच आवाजासाठी विवर्धकाकडून (अँप्लिफायरकडून) दुप्पट शक्ती घ्यावी लागते. यांपैकी कशाचा त्याग करावयाचा, हे आरंभीच मान्य केल्यास पुढील निवड सुकर होते.

वूफरची निवड : खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरला वूफर म्हणतात. त्याचा व्यास व सोसण्याची शक्ती (वॉट) यांवरून त्याची योग्यता कळत नाही. त्यासाठी तीन राशी पहाव्या लागतात : (१) मोकळ्या हवेतील अनुस्पंदन कंप्रता, म्हणजे ज्या कंप्रतेस शंकू सर्वांत सहजतेने डोलतो ती; (२) एकूण गुणांक, म्हणजे त्या डोलण्यावर चुंबक व निलंबन यांचे नियंत्रण किती आहे त्याचे माप (गुणांक जितका लहान तितके नियंत्रण अधिक); आणि (३) समतुल्य घनफळ, म्हणजे शंकूच्या निलंबनाइतकीच लवचिकता असलेल्या हवेचे घनफळ. चांगले उत्पादक या राशी माहितीपत्रकात देतात. संकेतजनक, रोधक व व्होल्टमापक यांच्या साहाय्याने त्या घरीही मोजता येतात.

उदाहरणार्थ, १६·५ सेंमी. व्यासाच्या एका वूफरची अनुस्पंदन कंप्रता ४० हर्ट्‌झ, गुणांक ०·३८ व समतुल्य घनफळ ३० लिटर आहे, असे मानू. बंद पेटीत बसविल्यावर प्रणालीचा गुणांक ०·७०७ झाल्यास प्रतिसाद कोठेही न फुगता सपाट रहातो. ०·७०७ ला ०·३८ ने भागल्यास १·८६ ही संख्या येते; तिच्या वर्गातून १ वजा केल्यास २·४६ उरतात; ३० लिटरांस २·४६ ने भागल्यास पेटीचे घनफळ सु. १२ लिटर मिळते. ४० ला १·८६ ने गुणल्यास प्रणालीची अनुस्पंदन कंप्रता सु. ७४ हर्ट्‌झ येते व तेथे आवाज ३ डेसिबेलांनी उतरलेला असतो. हाच वूफर जागा वाचविण्यासाठी ३ लिटरांच्या पेटीत कोंबला, तर गुणांक सु. १·२६ होतो व १६० हर्ट्‌झच्या आसपास जवळजवळ ३ डेसिबेलांचा उठाव येतो. अशा पेटीतून बोलणे घुमल्यासारखे ऐकू येते आणि खोल स्वर तर मिळतच नाहीत.

हाच वूफर सु. २१ लिटरांच्या व ४० हर्ट्‌झला जुळविलेल्या नळीच्या पेटीत बसविल्यास, पेटीतील गळती जमेस न धरता, प्रतिसाद सु. ४० हर्ट्‌झपर्यंत पोहोचतो. ५ सेंमी. व्यासाची नळी घेतल्यास तिची लांबी सु. १४ सेंमी., तर ७ सेंमी. व्यासाची घेतल्यास सु. २९ सेंमी. ठेवावी लागते. अरुंद नळीतून मोठ्या आवाजाच्या वेळी हवेचा फुत्कार ऐकू येतो. रुंद नळी पेटीत मावत नाही. शिवाय ४० हर्ट्‌झच्या खाली हवेचा आधार सुटून शंकू अनावरपणे हलतो व आवाज सप्तकामागे २४ डेसिबेलांनी घसरतो. बंद पेटीत ही घसरण १२ डेसिबेलांची असते. म्हणून नळीची पेटी सरसकट श्रेष्ठ मानता येत नाही.

शंकूच्या हालचालीची मर्यादाही तपासावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरल्यास शंकूस चौपट हलावे लागते. वरील व्यासाचा वूफर भिंतीत बसविला असता १ मी. अंतरावर ९० डेसिबेल पातळी मिळविण्यासाठी ८० हर्ट्‌झला शंकूची एका बाजूची हालचाल सु. १·४ मिमी., तर ४० हर्ट्‌झला सु. ५·५ मिमी. होते. खोल स्वर मोठ्याने हवे असल्यास मोठ्या शंकूला किंवा अधिक शंकूंना पर्याय नाही.

ट्वीटर व विभाजन मंडल : तरंगलांबी शंकूच्या व्यासाइतकी झाली की, ध्वनी सर्वत्र न पसरता समोरच एकवटतो. १६·५ सेंमी. वूफरच्या शंकूचा परिणामी व्यास सु. १३ सेंमी. असल्याने ही अवस्था २,६०० हर्ट्‌झच्या सुमारास येते. त्यापूर्वीच वरचे स्वर ट्वीटर या लहान ड्रायव्हरकडे सोपविणे इष्ट असते. ट्वीटरवर त्याच्या अनुस्पंदनाजवळचे स्वर सोडल्यास विरूपण वाढते व तो जळण्याचाही संभव असतो. म्हणून विभाजन कंप्रता ट्वीटरच्या अनुस्पंदनाच्या निदान दुप्पट ठेवतात. ९०० हर्ट्‌झ अनुस्पंदनाचा ट्वीटर घेतल्यास २,००० हर्ट्‌झ ही कंप्रता दोन्ही ड्रायव्हरांस मानवते. तेथे तरंगलांबी सु. १७ सेंमी. असते, दोन्ही ड्रायव्हरांच्या मध्यांतील अंतर त्याहून कमी ठेवल्यास उभ्या दिशेतील गोंधळ कमी होतो.

स्वरांचे विभाजन धारित्रे व वेटोळी यांच्या मंडलाने करतात. ८ ओहम रोधासाठी २,००० हर्ट्‌झला सर्वांत साध्या मंडलात सु. १० मायक्रोफॅरडचे धारित्र येते. परंतु प्रत्यक्ष ड्रायव्हरचा संरोध कंप्रतेनुसार बदलत असल्याने पुस्तकी सूत्रांनी आलेली मूल्ये केवळ प्रारंभबिंदू समजावीत. दोन्ही शाखा विभाजन कंप्रतेस ६ डेसिबेलांनी उतरून त्यांची बेरीज सपाट येईल अशी रचना झीगफ्रीट लिंकविट्‌झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली; तिचा आजही मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो. ट्वीटर वूफरपेक्षा अधिक संवेदनक्षम निवडावा, कारण रोधक घालून त्याचा आवाज उतरविता येतो. अशा मंडलाने वूफरचा आवाज वाढविता येत नाही. यात आणखी एक घट मोजावी लागते. २० सेंमी. रुंदीच्या दर्शनी फळीवरून सु. ६०० हर्ट्‌झच्या खालचा ध्वनी पेटीभोवती वळून मागे जातो आणि मोकळ्या जागेत समोरचा आवाज ६ डेसिबेलांपर्यंत कमी होतो. पेटी भिंतीलगत ठेवल्यास ही घट कमी असते. म्हणजे पेटी कोठे ठेवावयाची, हेही मंडलाच्या योजनेआधी ठरवावे लागते.

पेटीची बांधणी : प्लायवुड किंवा मध्यम घनतेचे तंतुफलक (एम्‌डीएफ्‌) सामान्यतः १८ मिमी. जाडीचे घेतात व आतून आडवे आधार देतात, म्हणजे पेटीच्या बाजू स्वतः वाजत नाहीत. तीन मापांपैकी कोणतेही माप दुसऱ्याच्या पटीत नसावे, अन्यथा आतील स्थिर तरंग एकाच कंप्रतेस एकवटतात. ३० सेंमी. अंतराच्या दोन बाजूंमध्ये असा पहिला तरंग सु. ५७० हर्ट्‌झला येतो. लोकर किंवा काचतंतू यांच्या अस्तराने त्याचे संदमन होते. ड्रायव्हर, आधार व नळी यांनी व्यापलेले घनफळ हिशेबात मिळवून पेटी किंचित मोठीच करावी. लाकडाचा ठोकळा आत बसवून मोठी पेटी लहान करता येते. लहान पेटी मात्र मोठी करता येत नाही.

चाचणी : पूर्वी प्रतिसाद मोजण्यास प्रयोगशाळेतील उपकरणे लागत. आता संगणक व साधा मापन मायक्रोफोन यांनी तो घरी काढता येतो. तथापि आलेख वाचताना खोलीचा वाटा वेगळा ओळखावा लागतो. ४ मी. लांबीच्या खोलीचे पहिले अनुस्पंदन सु. ४३ हर्ट्‌झला येते व त्यामुळे तेथील स्वर काही ठिकाणी फुगलेला, तर काही ठिकाणी हरवलेला आढळतो. हा दोष ड्रायव्हर बदलून जात नाही. पेटीची व ऐकणाऱ्याची जागा बदलून तो कमी करता येतो. म्हणून खोली, पेटी, वूफर, ट्वीटर व शेवटी विभाजन मंडल असा योजनेचा क्रम ठेवणे आणि तो कागदावर पूर्ण झाल्याखेरीज खरेदी न करणे श्रेयस्कर होय.