खेळ शिकायचाय? आधी पात्रे घडवा

‘ट्रॅव्हलर’ हा १९७७ मध्ये अमेरिकेत आलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ. प्रत्येक खेळाडू अंतराळयुगातल्या एका पात्राची भूमिका करतो. नियमांचे पुस्तक नुसते वाचून मात्र डोक्यात गोंधळच होतो. त्यापेक्षा सोबती जमण्याआधी एकट्याने दोन-चार पात्रे तयार करून पाहावीत.

दोन फासे टाकून ताकद, चपळाई, बुद्धी, शिक्षण असे ६ गुण ठरतात. मग १८ व्या वर्षी नौदल किंवा व्यापारी जहाजावर नोकरी. दर ४ वर्षांनी पात्र तगले का, बढती मिळाली का, हे फासेच सांगतात. मूळ नियमांत दान उलटे पडले, तर पात्र खेळाआधीच मरते! चौतिशीपासून वयाचाही फटका बसू लागतो. दोन फाशांची बेरीज ७ होण्याच्या ३६ पैकी ६ शक्यता आणि १२ होण्याची एकच, हे गणितही हाताला कळते.

यामागे स्मरणाचे शास्त्र आहे. स्वतः तयार केलेले शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवले. शिवाय एकट्याने चुकले तर हसणारे कुणी नसते. मोठ्या वयात नवे शिकताना अनेकांना अडवते ती हीच भीती.

तिसऱ्या पात्रानंतर पुस्तक मिटा आणि पायऱ्या आठवून लिहा. जिथे अडाल, तेवढेच पुन्हा वाचा. नियम असे एकट्याने येतात. दुसऱ्याचे ऐकून गोष्ट पुढे नेणे मात्र चार जणांत बसूनच शिकावे लागते.