वाचलेला डोंगर, चढायचा डोंगर

शनिवार-रविवारी कर्जत, खोपोलीच्या लोकलमधून पाठीवर सॅक लावलेली मंडळी उतरतात आणि कोथळीगड, ढाकचा बहिरी, इर्शाळगडाच्या वाटेला लागतात. पण घरी बसून डोंगर चढणारेही काही कमी नाहीत. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’पासून वर्तमानपत्रांतल्या ट्रेकच्या वर्णनांपर्यंत हे लेखन आवडीने वाचले जाते. ज्यांनी कधी साधी टेकडी चढलेली नाही, तेही त्यात रमतात. असे का?

एक कारण मेंदूत आहे. २००४ मधील एका प्रयोगात लोकांना ‘लाथ मारणे’, ‘उचलणे’, ‘चाटणे’ या अर्थांचे इंग्रजी शब्द नुसते वाचायला दिले. पाय, बोटे, जीभ खरोखर हलवताना मेंदूचे जे भाग काम करतात, तेच किंवा त्यांच्या लगतचे भाग तेव्हा जागे झालेले दिसले. कातळाच्या खाचेत बोटे रोवल्याचे वर्णन वाचताना आपण थोडे चढतो, ते असे.

दुसरे कारण आठवणीत आहे. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि काहनेमन यांनी आतड्यांची दुर्बीण तपासणी झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तपासणी किती वेळ चालली याला रुग्णांच्या आठवणीत फारसे महत्त्व नव्हते. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढेच ठसले होते. ट्रेकचेही तसेच होते. माथ्यावरचा वारा आणि उतरल्यावरचा चहा लक्षात राहतो. मधली तीन तासांची धाप गळून जाते. लिहिणारा खोटे लिहीत नाही, त्याची आठवणच निवडक असते.

वाचनाने मन ताजेतवाने होते, ते जरूर करावे. मात्र हृदय, फुप्फुसे आणि गुडघे यांना त्याने सराव होत नाही. पन्नाशीत एखादे पुस्तक वाचून थेट गडाच्या पायथ्याशी उभे राहणे म्हणूनच धोक्याचे ठरते. आधी दोन महिने तरी रोज चालावे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला किमान व्यायाम आहे. त्यात हळूहळू जिने चढणे वाढवावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच जावे. औषधे, साखर, पाणी आणि ओआरएस सोबत ठेवावे.

चढताना छातीत दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, थंड घाम फुटला, तर ‘आता थोडेच राहिले’ म्हणू नये. लगेच थांबावे, बसावे, सोबत्याला सांगावे, १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका पायथ्यापर्यंतच येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांनाही पायीच वर चढावे लागले होते. डोंगरावर मदत माणसाच्या चालीने पोहोचते. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी तर पुस्तकातलाच डोंगर चढावा.