विजेच्या दिव्यात खर्च होते ते काय?



मी जन्मभर मराठी शिकविले. विजेवर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी विज्ञानाच्या तासाला विचारलेला एक प्रश्न शब्दांच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारा आहे. विद्युतघट, टॉर्चचा लहान दिवा आणि तांब्याची तार यांचा परिपथ जुळवून त्यांनी विचारले, "दिव्यात शिरणारी धारा अधिक, की बाहेर पडणारी?" "शिरणारी अधिक," आम्ही एकमुखाने उत्तरलो. दिवा पेटतो म्हणजे थोडी वीज जळणारच! गुरुजींनी काही न बोलता दिव्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा अमीटर जोडला. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर थांबला.

आमची फसगत भाषेने केली होती. 'वीज जळते', 'वीज आली', 'वीज गेली' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः विद्युतधारा म्हणजे तारेतील इलेक्ट्रॉनांचे सरकणे. हे इलेक्ट्रॉन घट निर्माण करीत नाही. ते तांब्यात मुळातच असतात. घट केवळ दोन टोकांमध्ये विभवांतर राखतो. रहाटाची माळ आठवा. माळेचा जेवढा भाग वर येतो तेवढाच खाली जातो. माळ झिजत नाही, दमतो तो बैल. परिपथातील इलेक्ट्रॉनांची माळही तशीच अखंड फिरते.

ही माळ फिरते मात्र अतिशय मंद. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर धारा वाहत असता इलेक्ट्रॉन तासाभरात सरासरी वीतभरच, सुमारे 26 सेंटिमीटर, पुढे सरकतात. तरीही कळ दाबताच दिवा लागतो, कारण सारी माळ जणू एकदमच हलू लागते. आपल्या घरच्या प्रत्यावर्ती धारेत तर इलेक्ट्रॉन सेकंदास 50 वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात. वीजकेंद्रातून निघून एकही इलेक्ट्रॉन आपल्या घरी 'येत' नाही!

धारा किती वाहील, हे ओमच्या 1827 मधील नियमाने कळते: विभवांतराला रोधाने भागावे. आपल्या मुलांच्या हिंदी पुस्तकात ज्याला 'प्रतिरोध' म्हणतात, तोच हा रोध. 1.5 व्होल्टचा घट आणि 5 ओहम रोध असल्यास धारा 0.3 अँपिअर.

मग खर्च होते ते काय? ऊर्जा. घटातील रासायनिक ऊर्जा दिव्यात उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर पडते. विजेच्या बिलातील एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल ऊर्जा. 10 वॅटचा दिवा तिच्यावर 100 तास चालतो. पैसे आपण धारेचे देत नाही, ऊर्जेचे देतो.

आता त्या अमीटरचा काटा कशाने हलला, तेही पाहू. तारेतून धारा वाहताच जवळची चुंबकसूची वळते, हे अर्स्टेड यांनी 1820 साली दाखविले. धारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते. गुरुजींच्या अमीटरमध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे टांगलेले होते. धारा वाहताच ते वळे आणि काट्याला फिरवी. याच्या उलट वाट मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये शोधली. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाने वेटोळ्यात चुंबक सरकवून धारा मिळविली. चुंबक स्थिर ठेवल्यास काही नाही, गती हवी. यास मराठीत 'प्रवर्तन', तर हिंदीत 'प्रेरण' म्हणतात.

येथे निसर्गाचा हिशेब किती चोख आहे पाहा. प्रवर्तित धारा तिला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करते, असा नियम लेंझ यांनी 1834 मध्ये मांडला. म्हणून आपण अधिक दिवे लावले की जनित्र फिरविणे जड जाते. ते नर्मदेवरील इंदिरासागरचे असेल, तर त्याच्या टर्बाइनला तेवढे अधिक पाणी सोडावे लागते. फुकट काहीच उजळत नाही. रहाटावरचा बैल दिसतो. हा बैल दिसत नाही, एवढेच.

त्या दिवशी गुरुजींनी आमच्या चुकीच्या उत्तराला हसण्याऐवजी काटा दाखविला. पाठ केलेला शब्द आणि समजलेला अर्थ यांतील अंतर मला प्रथम त्या वर्गात कळले. पुढे मराठी शिकवितानाही मी तेच अंतर कमी करीत आलो. शिक्षकाचे याहून वेगळे स्मारक ते कोणते?