‘घरीही इंग्रजीच बोला’ : एका सल्ल्याची उलटतपासणी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिल्याच पालकसभेत एक सल्ला हमखास मिळतो : मुलाचं इंग्रजी सुधारायचं असेल तर घरीही इंग्रजीच बोला. देणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असतो, ऐकणारे आईबाप तो मनावर घेतात आणि त्या संध्याकाळपासून घरात ‘शूज घाल, कम फास्ट’ या पातळीचं इंग्रजी सुरू होतं. आजी त्या संभाषणातून आपोआप बाद होते. या सल्ल्यामागे एक गृहीतक आहे. डोकं म्हणजे ठरावीक मापाचा डबा, त्यात मराठी भरली की इंग्रजीला तेवढी जागा कमी पडते. ते चूक असल्याचं कळून साठ वर्षं उलटली, तरी दर जूनला ते पावसाळी छत्रीसारखं पुन्हा बाहेर निघतं.

ही समजूत आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे, कारण एके काळी तिला संशोधनाचाच आधार होता. डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्समधल्या सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रसिद्ध केल्या. वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणारी मुलं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा मागे दिसली, आणि दोन भाषांनी मुलांचा गोंधळ उडतो असा निष्कर्ष निघाला. त्याच आकडेवारीत एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही : हा फरक खेड्यांतल्या मुलांमध्ये होता, शहरांतल्या मुलांमध्ये नव्हता. म्हणजे फरक बहुधा शाळेचा आणि परिस्थितीचा होता, पण दोष गेला भाषेच्या खात्यावर. ही चूक १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये दुरुस्त केली. सारख्याच आर्थिक थरातली दहा वर्षांची मुलं घेतली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं मागे राहणं दूरच, पुढे निघाली. खोट याही अभ्यासात काढता येते. त्यांनी दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलं निवडली होती; ती मुळातच हुशार असतील तर? या शंकेचं उत्तर आपल्याच देशात सापडतं. ओडिशाच्या फुलबनी भागात कोंध आदिवासींच्या काही वस्त्यांमध्ये कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा चालतात, तर काही वस्त्यांमध्ये कुई लोपून फक्त ओडिया उरली आहे. जमात, चालीरीती, गरिबी सगळं तेच. मूल एकभाषी होणार की दुभाषी, हे त्याच्या हुशारीवर नाही, वस्तीवर ठरतं. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी या दोन गटांची तुलना केली, तेव्हा दुभाषी मुलं आकलनाच्या आणि भाषेचा भाषा म्हणून विचार करण्याच्या चाचण्यांत सरस ठरली. गंमत अशी की कुई ही द्राविडी भाषा आणि ओडिया मराठीच्या कुळातली. डब्यात जागा अपुरी पडायचीच असती तर इथे नक्की पडायला हवी होती.

मुळात भाषा डब्यात भरलेल्या डाळींसारख्या वेगवेगळ्या राहत नाहीत. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी यासाठी हिमनगाची उपमा वापरली : पाण्यावर दोन टोकं दिसतात, खाली बर्फ एकच असतो. ‘कारण’ आणि ‘परिणाम’ यांतला फरक मुलाला मराठीत कळला की तो इंग्रजीत पुन्हा शिकावा लागत नाही, फक्त दोन नवे शब्द लागतात. वाचनाचंही तसंच. अक्षर म्हणजे आवाजाची खूण, हे मुलाला एकदाच उमगावं लागतं, आणि जी भाषा कानावर पक्की आहे तिच्यात ते लवकर उमगतं. दक्षिण आफ्रिकेत स्टीफन टेलर आणि मारिसा फॉन फिंटेल यांनी शाळांच्या आकडेवारीवरून हेच तपासलं. पहिली तीन वर्षं मातृभाषेत शिकलेल्या मुलांचं चौथी ते सहावीतलं इंग्रजी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत शिकलेल्यांपेक्षा चांगलं निघालं. गणित किंवा संस्कृतीप्रेम नव्हे, इंग्रजीच! इंग्रजी हवं म्हणून मराठी बाजूला सारणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचायला हरकत नाही. शिवाय कमिन्स यांच्याच मांडणीनुसार परभाषेत गप्पा मारण्याइतकी गती साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पचवायला पाच ते सात वर्षं लागतात. पहिलीतलं पोर पाहुण्यांसमोर फाडफाड बोलतं म्हणून निर्धास्त झालेले पालक चौथीतल्या परिसर अभ्यासाशी गाठ पडली की गोंधळतात, त्याचं कारण हे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो दमदार आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ पासून इंग्रजीभाषक मुलांना थेट फ्रेंचमध्ये शिकवलं गेलं, ती फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजीही बिघडलं नाही. मग आमच्या मुलांना थेट इंग्रजीत टाकलं तर काय बिघडलं? बिघडतं ते परिस्थितीच्या फरकामुळे. त्या वर्गातल्या शिक्षकांना मुलांची भाषा समजत होती. सगळी मुलं एकाच पायरीवर होती. दुसरीपासून इंग्रजी वाचन वर्गात आलं. आणि मुख्य म्हणजे त्यांची घरची भाषा होती इंग्रजी. साऱ्या खंडावर तिचाच दबदबा, तिला धक्का लागण्याची सोयच नव्हती. तिथे एका भाषेत दुसरीची भर पडली. आपल्याकडे शाळेत मराठी बोलल्यास दंड आणि वर घरीही बंदी, म्हणजे भर नव्हे, वजाबाकी. हा भर आणि वजाबाकीचा भेदही पुढे त्याच लॅम्बर्ट यांनी मांडला. दंडाची पद्धत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. आज त्याच वेल्समध्ये वेल्श माध्यमाच्या शाळा सरकार चालवतं.

‘पण इंग्रजी माध्यमाचीच मुलं पुढे जातात, हे डोळ्यांनी दिसतं,’ असं कुणी म्हणेल. दिसतं खरं, पण तो पुन्हा सेअर यांचाच घोळ, उलट्या दिशेने. फी, शिकवणी, शिकलेले आईबाप, घरातली पुस्तकं या सगळ्यांचं श्रेय माध्यमाला देऊन मोकळं होणं सोपं असतं. इंग्रजी लागतं, चांगलं लागतं, यावर वादच नाही. प्रश्न एवढाच, की आईला जी भाषा मोडकी येते त्या भाषेत तिने गोष्ट सांगावी, की जिच्यात ती रंगून, खोड्या काढत, म्हणी पेरत सांगू शकते त्या भाषेत? मुलाला बोलणाऱ्याच्या तोंडून भरघोस भाषा मिळावी लागते. तुटक इंग्रजीने ती मिळत नाही, आणि मराठीही जाते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं : नाही. एकेका भाषेतला शब्दसाठा थोडा कमी दिसतो, दोन्ही मिळून मोजला की बरोबरीचा भरतो. बोलणं खरंच लांबलं असेल तर भाषा बंद करण्याऐवजी कान तपासून घ्या. मूल भाषांची सरमिसळ करतं म्हणजे गोंधळलंय : मग ‘मीटिंग पोस्टपोन झाली’ म्हणणारे आपण सगळेच गोंधळलेलो आहोत. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणं पाप : अवघड कल्पना मराठीत उलगडून इंग्रजीत पुन्हा मांडणं ही जुनी आणि चोख पद्धत आहे, मात्र अख्खा तास मराठीत घेऊन शेवटी प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून देणं म्हणजे द्विभाषिक शिक्षण नव्हे. बहुभाषक माणसाचा मेंदूच वेगळा : इथे आपल्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही आवरायला हवं. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दुभाषकांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडल्याचं दिसलं, निरक्षरांमध्येही फरक आढळला. पण निरोगी प्रौढांचं अवधान दुभाषिकतेने तल्लख होतं का, यावर पुढच्या मोठ्या आढाव्यांनी बरंच पाणी ओतलं आहे. मराठी टिकवायला अशा औषधी गुणांची गरज नाही. आणि बहुभाषिकतेचे फायदे सांगून पहिलीपासून वाटेल ती तिसरी भाषा लादता येते, हाही गैरसमजच. घरात, गल्लीत रुजलेली भाषा आणि वेळापत्रकात घुसवलेला तास या दोन गोष्टी वेगळ्या.

इंग्रजी शाळांवर तुटून पडताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. डब्याचं हेच गृहीतक मराठी शाळांतही मुक्कामाला आहे. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणून दटावलं जातं, मेळघाटातल्या कोरकू मुलाला पहिल्या दिवशी संपूर्ण अनोळखी मराठीत बसवलं जातं. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्या मुलाच्या दृष्टीने मराठी शाळा आणि इंग्रजी शाळा यांत पहिलं वर्षभर फारसा फरक नसतो. तिथे मराठीच्या बाई जेव्हा त्याच्या आईला सांगतात की घरीही मराठीच बोला, तेव्हा वर दिलेली सगळी उत्तरं त्यांनाही लागू पडतात.