पाणी, घाट आणि कागद

पहिली गाडी : लेखांक ४

पळस्पे फाट्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की अर्ध्या महाराष्ट्राची पासिंगं नजरेसमोरून जातात. पेणची एमएच-०६, वाशीची ४३, पुण्याची १२, रत्नागिरीची ०८, कोल्हापूरची ०९ आणि आपली पनवेलची ४६. गोव्याचा रस्ता इथून फुटतो, जुना पुणे रस्ता खोपोलीकडे जातो, द्रुतगती मार्ग पलीकडे कळंबोलीला सुरू होतो आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूने मुंबईही जवळ आणली आहे. त्यामुळे पनवेलमध्ये सेकंड हँड गाडी शोधणाऱ्याला गाड्यांची वानवा नसते. पण समोर उभी असलेली गाडी कुठल्या गावच्या पावसात उभी होती, कुठले घाट चढली, किती जणांच्या हातांतून इथवर आली, हे तिच्या रंगावरून कळत नाही. ते कसं ओळखायचं, हा आजचा विषय.

मागच्या तीन लेखांकांत आपण गाडी घरी बसून निवडली. रोजचं जाणं-येणं थोडं असेल तर पेट्रोल किंवा कंपनीने बसवलेली सीएनजी. मॉडेल असं, की ज्याचे पार्ट पनवेलमधल्या कुठल्याही दुकानात मिळतील: अल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, स्विफ्ट, आय-टेन. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोले विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या वाईट नव्हत्या आणि आज स्वस्तही मिळतात, पण एका पार्टसाठी आठवडाभर थांबणं पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला परवडत नाही. आणि जमलं तर जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी घ्यायची, कारण तोवर एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग या दोन्ही गोष्टी नव्या गाड्यांत बंधनकारक झाल्या होत्या.

आता प्रत्यक्ष बघायला जायचं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पहिल्या खेपेला मुलांना बरोबर नेऊ नका. माझी पहिली गाडी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. रविवारची सकाळ होती, गाडी धुऊन-पुसून लख्ख उभी होती, मुलगी दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि त्यानंतर मला ‘नको’ म्हणता आलं नाही. तासाभरात इसार दिला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पायाखालची मॅट ओली लागली, ऑगस्टपर्यंत वायरिंगने दोनदा रस्त्यात उभं केलं. गाडी कधीतरी पाण्यात बुडाली होती, हे मेकॅनिकने पुढचं कार्पेट उचलून पाच मिनिटांत दाखवलं. तीच पाच मिनिटं मी इसार देण्याआधी काढायला हवी होती.

पाणी

म्हणून सुरुवात पाण्यापासून. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडमध्ये शिरलं. २६ जुलै २००५ ला गाढी नदीने खुद्द पनवेलला काय केलं, ते इथल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. अशा प्रत्येक पुरात दारातल्या, बाजारपेठेतल्या, तळघरातल्या गाड्या बुडतात. त्यांतल्या काही भंगारात जातात, काही साफसूफ होऊन पुन्हा बाजारात येतात. त्या जिल्ह्यांच्या पासिंगची प्रत्येक गाडी बुडालेली असते असं अजिबात नाही. आणि बुडालेली गाडी कुठल्याही पासिंगची असू शकते. म्हणून पासिंगवरून तर्क करू नका, गाडी उघडून बघा.

काचा बंद ठेवून, एसी न लावता दोन मिनिटं आत बसा. कुबट वास आला किंवा सुगंधी फवाऱ्याचा दर्प फारच जास्त वाटला, तर कारण विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्टा वरवर धुतला जातो, पण गुंडाळीच्या तळाशी गाळाची रेघ राहते. सीट मागे सरकवून रुळाचे नटबोल्ट बघा. डिकीतली स्टेपनी उचला आणि तिच्या खालच्या खोबणीत बोट फिरवा. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडून पिनांवर हिरवट बुरशी आहे का पाहा. कार्पेटचा कोपरा उचलू द्यायला मालक तयार नसेल, तर पुढची गाडी बघा.

बुडालेल्या गाडीत इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग मात्र दगा देतं. आजच्या गाडीत इंजिनापासून एअरबॅगपर्यंत सगळं विजेच्या जोडण्यांवर चालतं, आणि ओल लागलेली जोडणी लगेच बंद पडत नाही. ती सहा महिने हळूहळू गंजते. तोवर गाडी तुमच्या नावावर झालेली असते.

पुराचं पाणी नसलं तरी खाडीची हवा आहेच. कामोठे, खारघर, उरण या बाजूला वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा खालून सडतो. दरवाज्यांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांवरच्या कमानी, जॅक लावायची जागा आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा आणि रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. लोखंडी पत्र्याला ते सगळीकडे सारखं चिकटतं. एखाद्या जागी सुटलं, तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ही परीक्षा लागू नाही.

घाट

ट्रायल मारायला सोसायटीच्या आवारात एक चक्कर पुरत नाही. पनवेलकरांचं भाग्य असं, की चढ हाताशी आहे. नवीन पनवेलला जोडणारा उड्डाणपूल, तिथून गोवा रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याची खिंड. मालक कबूल असेल तर खोपोलीहून बोरघाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, त्या चढावर गाडी काही लपवू शकत नाही.

आधी मालकाला निरोप द्या, की गाडी चालू करून ठेवू नका, आल्यावर थंड इंजिन चालू करायचं आहे. बॉनेटला हात लावून खात्री करा. थंड इंजिन एका फटक्यात चालू व्हायला हवं. तेल भरायचं बूच उघडून आतून बघा. सायीसारखा पांढरट थर असेल तर तेलात पाणी मिसळत असण्याची शंका घ्या. मग धूर. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातं. सकाळी क्षणभर दिसणारी वाफ साहजिक आहे, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतोय आणि हेड गॅस्केटचं काम निघेल.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. एसी चालू ठेवा आणि तापमानाचा काटा पाहत राहा, तो मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून द्या. गिअर आपोआप बाहेर उडाला तर गिअरबॉक्सचा खर्च आहे. उतार संपल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दिला आणि मागे निळ्या धुराचा झोत आला, तर व्हॉल्व्हची सीलं गेलेली आहेत. मोकळा सरळ रस्ता बघून ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढता कामा नये. परतताना मुद्दाम कळंबोली सर्कलच्या गर्दीतून या. उभ्या गाडीत एसी गार राहतो का आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे तिथेच कळतं.

खाली उतरल्यावर टायर वाचा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये दोष आहे. मीटर फक्त ३०,००० किलोमीटर दाखवतंय, पण टायरचा दुसरा संच चढलाय आणि पेडलांचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर मागे केलेलं असू शकतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. मालकाला ती नोंद मागा.

एवढं सगळं तुम्ही स्वतः करा आणि तरीही शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला त्याची फी देऊन गाडी रॅम्पवर चढवा. मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागद

गाडी पसंत पडली की कागद बघण्याचा धीर सुटतो. म्हणून मी उलट क्रम सुचवतो. आरसीचा फोटो आधी मागवा आणि एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून घरीच बघून घ्या. नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. थकलेली ई-चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात. प्रत्यक्ष गेल्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

विम्याचा कागद बहुतेक जण मुदत बघून परत देतात. त्यातली एक ओळ मात्र फार बोलकी असते, नो क्लेम बोनसची. क्लेम न घेतलेल्या वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी आहे आणि बोनस शून्य आहे, तर मागच्या वर्षी कशाचा क्लेम घेतला ते विचारा. अपघात झाला असेल, पाणी शिरलं असेल, किंवा नुसती काच फुटली असेल. उत्तर सरळ आलं तर पुढे जा. कार्पेटने जे लपवलं ते पुष्कळदा ही ओळ सांगते. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. तेव्हा विम्याचा हिशेब तो वगळून करा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. सीएनजी बाहेरून बसवलेली असेल तर तिची नोंद आरसीवर आणि विम्यावर दोन्हीकडे हवी, आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसलेली आहे ना, तेही बघा. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले. पण परराज्याच्या गाडीला तिथली एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं लागतं. पहिल्या खरेदीत ती वाट धरू नका.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करण्यासाठीही १४ दिवसच आहेत. तेवढ्यात अर्ज केला नाही, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. गाडी व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून तशी तरतूद लागू आहे.

काही जण सह्या केलेले कोरे फॉर्म हातात देतात आणि ‘सवडीने नावावर करून घ्या’ म्हणतात. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार हा निकाल सांगा. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकदा विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला, तेव्हा न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. नाव बदलणं हे घेणाऱ्याइतकंच विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. हे समजावूनही जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी घेऊ नका.

इसार देण्याआधी

भावाची घासाघीस शेवटी करा, आणि ती मेकॅनिकने लिहून दिलेल्या यादीवर करा. चार टायर, बॅटरी, क्लच प्लेट यांचा बाजारभाव पनवेलच्या दुकानात विचारून या आणि तेवढी रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा करून बोला. जवळच्या सगळ्या पैशांची गाडी घेऊ नका. हाती अडीच लाख असतील तर दोन लाखांच्या आसपासची बघा. उरलेले पन्नास हजार नाव बदलणं, विमा, सर्व्हिसिंग आणि पहिल्या सहा महिन्यांची छोटी-मोठी कामं यांना लागतात. इसार दिलाच तर छोटा द्या, बँकेतून द्या, आणि ‘कागदात किंवा गाडीत दोष निघाल्यास इसार परत’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या.

‘आज नाही घेतली तर उद्या जाईल,’ असं तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. जाऊ द्या. पनवेलच्या रस्त्यांवरून रोज शेकडो गाड्या येतात, आणि तुमच्या घामाचे पैसे एकदाच जमलेले असतात. पाणी, घाट आणि कागद या तिन्ही परीक्षांत उतरलेली गाडी दिसायला साधी असली तरी तीच घ्या. मुलांना तेव्हा बरोबर न्या, चावी त्यांच्याच हाती द्या.

पुढच्या लेखांकात : गाडी घरी आल्यानंतरचे पहिले शंभर दिवस, आणि पहिल्या पावसाळ्याआधी करून घ्यायची कामं.