वापरातील पोलादी साठवण टाक्यांची वेल्डिंग तपासणी

खनिज तेल व रसायने साठवणाऱ्या उभ्या दंडगोलाकार पोलादी टाक्या वापरात आल्यानंतर त्यांचे जोड, पत्रे व पाया ठरावीक काळाने तपासले जातात. नव्या टाकीची रचना व उभारणी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ६५० या मानकानुसार होते. वापरातील टाकीची तपासणी, दुरुस्ती व स्थलांतर यांसाठी एपीआय ६५३ हे स्वतंत्र मानक असून त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. भारतात यासाठी ओआयएसडी-१२९ हे मानक आहे.

फ्लोरेफ दुर्घटना

वर्षानुवर्षे न गळलेली टाकी निर्दोष असतेच असे नाही. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्लोरेफ येथे अॅशलँड ऑइल कंपनीची डिझेलची टाकी भरली जात असताना उभी फाटली. सुमारे ४० वर्षे क्लीव्हलँड येथे वापरलेली ही टाकी सुटी करून तेथे पुन्हा उभारली होती. मात्र पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची चाचणी झाली नव्हती. भेगेची सुरुवात एका जोडालगतच्या पत्र्यातील लहानशा दोषापासून झाली. हा दोष मूळ बांधकामाच्या सुमारासचा होता. त्याच्या भोवतालचे पोलाद ठिसूळ झाले होते आणि थंडीत त्याचा चिवटपणा आणखी घटला होता. सुमारे २८ लाख लिटर डिझेल मोनोंगाहेला नदीत गेले व सुमारे १० लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे स्रोत दूषित झाले. ठिसूळ भंगाच्या धोक्याचे मूल्यमापन एपीआय ६५३ मध्ये स्वतंत्रपणे दिलेले आहे.

तपासणी

बाहेरून केली जाणारी औपचारिक तपासणी अधिकृत निरीक्षकाकडून जास्तीत जास्त ५ वर्षांनी होते. आतील तपासणीसाठी टाकी रिकामी व वायुमुक्त करावी लागते. तळाच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून वर काचेची पेटी ठेवतात व तिच्यातील हवा खेचून घेतात. बुडबुडे आले तर तेथे गळती आहे. भिंत व तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातील जोडावर ताण सर्वाधिक गुंतागुंतीचा असल्याने तेथे चुंबकीय कण किंवा रंगद्रव परीक्षाही करतात. भिंतीच्या जोडांतील अंतर्गत दोष क्ष-किरण अथवा श्राव्यातीत ध्वनीने शोधले जातात.

भिंतीची किमान जाडी ठरवताना टाकीचा व्यास, द्रवाची उंची व घनता, पोलादाचा अनुज्ञेय ताण यांबरोबर जोडाची कार्यक्षमताही धरली जाते. जुन्या टाकीची क्ष-किरण चित्रे वा बांधकामाची कागदपत्रे उपलब्ध नसल्यास ही कार्यक्षमता कमी धरावी लागते. त्यामुळे पत्रे सुस्थितीत असूनही टाकी पूर्वीच्या उंचीपर्यंत भरता येत नाही, असेही घडू शकते.