अर्धवट भवनातला रंगमंच

क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात ‘डोम म्लादिह’ हे युवाभवन युगोस्लाव्हियाच्या साम्यवादी काळात बांधायला घेतलं गेलं. वास्तुविशारद फ्रानो गोतोवात्स यांचा आराखडा भव्य होता, पण काम मधेच थांबलं आणि काँक्रीटचा सांगाडा उरला. १९९० च्या दशकात कलावंतांनी तो वापरायला घेतला. पुढे दिंको पेराचिच यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी सगळं एकदम पुरं करण्याचा हट्ट सोडून टप्प्याटप्प्याने जागा वापरण्याजोगी केली. २०१६ च्या व्हेनिस वास्तुकला द्वैवार्षिकीत क्रोएशियाच्या दालनात हे काम मांडलं गेलं. हाच मार्ग शहाणपणाचा, असं मला ठामपणे वाटतं. पूर्ण निधीची वाट पाहण्यात एक पिढी रंगमंचाविना वाढते. शिवाय भिंत नेमकी कुठे हवी, हे वापरातूनच कळतं.

उघड्या सांगाड्यात लोकांना बोलावणं धोक्याचं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पहिला खर्च कठडे, वीज आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांवर व्हायला हवा. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: कलावंत फुकट राबू लागले की नगरपालिका अंग काढून घेते. त्यावर उपाय असा, की इमारत सार्वजनिक मालकीचीच राहावी, देखभालीची तरतूद दरवर्षी व्हावी आणि तिथे काम करणाऱ्यांना कारभारात मताचा हक्क असावा.